सहा घरांचं स्मारक

अण्णांनी खिडकीच्या काचेला नाक लावलं, तर आत एक आजीबाई टीव्ही बघत बसलेल्या. त्यांनी आतूनच हात केला. अण्णा दचकून दोन पावलं मागे सरले, टोपी सारखी केली आणि मला म्हणाले, "आरं, इथं तर माणसं राहतेत!"

चूक त्यांची नव्हती. संग्रहालय बघायला म्हणून मीच त्यांना आणलं होतं, आणि एका ओळीतली ती सगळी बैठी इमारत म्हणजे संग्रहालयच, असं मीही न सांगता धरून चाललो होतो. प्रत्यक्षात संग्रहालय म्हणजे मधली एक खोली. तिच्या दोन्ही अंगांना मिळून सहा घरं आणि प्रत्येक घराला एका शेतमजुराचं नाव. ब्रिटनमधल्या कामगार संघटनांच्या महासंघाने १९३४ साली ही घरं बांधली ती निवृत्त शेतमजुरांना राहायला. स्मारक म्हणून बांधली आणि त्यात माणसं ठेवली.

हे गाव टोलपडल. इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट परगण्यात, डॉर्चेस्टरपासून सात मैलांवर. पिडल नावाची एक किरकोळ नदी, एक चर्च, एक चॅपल, एक पब आणि गावच्या मोकळ्या जागेत एक जुनं सिकॅमोरचं झाड; ज्यांची नावं घरांना आहेत ते सहा मजूर याच झाडाखाली जमत, असं सांगतात. आम्ही गेलो तो मार्चचा महिना होता. पाडवा चार दिवसांवर आलेला. तारखेला महत्त्व आहे, कारण आमच्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच नवं ठरतं. अण्णांच्या डोक्यात ते होतंच.

गोष्ट थोडक्यात सांगतो. १८३० च्या सुमारास या भागात शेतमजुराला आठवड्याला दहा शिलिंग मिळत. टोलपडलमध्ये नऊ. इतरांइतकी मजुरी देऊ, असं मालकांनी गावच्या पाद्र्यासमोर कबूल केलं. पुढे पाद्र्याने कानावर हात ठेवले. मजुरी वाढायची राहिली बाजूला, नवाची आठ झाली, आठाची सात, आणि आता सहा होणार असं कानावर आलं. मजूर दंडाधिकाऱ्यांकडे गेले, तर मालक देईल त्यात काम करा, हे उत्तर. मग जॉर्ज लव्हलेस नावाच्या मजुराने, जो रविवारी मेथडिस्ट चॅपलमध्ये प्रवचनं करायचा, ऑक्टोबर १८३३ मध्ये शेतमजुरांची एक मंडळी काढली. प्रवेशाला एक शिलिंग, मग आठवड्याला एक पेनी. बैठक थॉमस स्टॅनफिल्डच्या घरी, वरच्या खोलीत. नव्या सभासदाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, मग पट्टी सोडून मृत्यूच्या सांगाड्याचं चित्र दाखवायचं आणि संघटनेच्या गोष्टी बाहेर बोलणार नाही अशी शपथ घ्यायला लावायची.

ती शपथच नडली. संघटना करणं हा तेव्हा गुन्हा नव्हता. तो कायदा १८२४ सालीच रद्द झाला होता. म्हणून जेम्स फ्रॅम्प्टन या जमीनदार-दंडाधिकाऱ्याने गृहमंत्री लॉर्ड मेलबर्नशी पत्रव्यवहार करून दुसरा कायदा शोधला: नौदलातल्या बंडानंतर १७९७ साली खलाशांना डोळ्यासमोर ठेवून केलेला, बेकायदा शपथांचा. २४ फेब्रुवारी १८३४ च्या पहाटे सहा जणांना धरलं आणि डॉर्चेस्टरपर्यंत चालवत नेलं. जॉर्ज लव्हलेस, त्याचा भाऊ जेम्स, मेहुणा थॉमस स्टॅनफिल्ड, त्याचा मुलगा जॉन, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट. खटला चालवावा की नाही हे ठरवणाऱ्या ज्यूरीत फ्रॅम्प्टन स्वतः बसला होता आणि तिचा प्रमुख होता मेलबर्नचा मेहुणा. शिक्षा ठोठावली सात वर्षं काळ्या पाण्याची. काळं पाणी म्हणजे त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलिया. आम्ही कुणाची अब्रू, अंग किंवा मालमत्ता दुखावलेली नाही, बायकापोरं उपाशी मरू नयेत म्हणून एकत्र आलो, असं लव्हलेसने कोर्टाला सांगितलं होतं.

मी हे फलकावरून वाचून सांगत होतो. नऊ, आठ, सात, सहा, इथपर्यंत आल्यावर अण्णांनी मला थांबवलं. "पाडव्याला ठरलं एक, दिवाळीला हातात पडलं दुसरं. पुढचं वाच."

अण्णा पंचवीस वर्षं एका साखर कारखान्यात स्लिपबॉय होते. कोणत्या टोळीने कोणत्या फडातून किती ऊस तोडला, कोणत्या गाडीत भरला, याच्या चिठ्ठ्या फाडायचं काम. आमचा तालुका बीड जिल्ह्यातला, म्हणजे निम्मं गाव दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडणार आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत येणार. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि मग ती फिटेपर्यंत तोडायचं. अण्णा ना मालकाचे ना मजुराचे, चिठ्ठीचे. टोलपडलला त्यांना मी उगाच आणलं नव्हतं. शेतमजुरांच्या स्मारकात शेतमजूर जवळून पाहिलेला माणूस काय बघतो, ते मला बघायचं होतं. इथे येणारे बहुतेक लोक माझ्यासारखे: संगणकावर काम करणारे, आठवड्याच्या सुट्टीला इतिहास बघणारे.

आता मुद्द्यावर येतो. शेतमजुरांच्या चळवळीचं स्मारक कसं असावं? आपल्याकडे हा प्रश्न विचारलाच जात नाही. स्मारक म्हटलं की आधी उंची ठरते, मग भूमिपूजन होतं, मग निधीची बातमी. स्मारक ज्यांच्यासाठी उभं राहिलं त्यांच्यापैकी एखाद्याला त्याच्या सावलीत बसता येईल का, हे कंत्राटात कुठेच नसतं. टोलपडलची ती सहा घरं हे मी आजवर पाहिलेल्या स्मारकांपैकी सगळ्यात नेमकं स्मारक आहे असं मला वाटतं, आणि त्याचं कारण स्थापत्य नाही. कारण हॅमेट.

देशभर काहूर उठलं. एप्रिल १८३४ मध्ये लंडनमध्ये हजारो कामगारांचा मोर्चा निघाला. दोन लाखांच्या वर सह्यांचं निवेदन घेऊन लोक गृहमंत्र्याच्या दारात गेले आणि त्याने ते घेतलं नाही. पण दोन वर्षांत, मार्च १८३६ मध्ये, सरकारला संपूर्ण माफी द्यावी लागली. मागेपुढे करून सगळे परत आले. हॅमेट सगळ्यांत शेवटी, १८३९ साली. तिकडे एक पौंडाला आपली विक्री झाली, असं तो सांगे. बाकीचे पाच जण काही वर्षं एसेक्समध्ये शेती करून कॅनडाला निघून गेले आणि तिथे त्यांनी आपण कोण हे फारसं कुणाला कळू दिलं नाही. गावात परत राहिला तो एकटा हॅमेट. शेती सोडून बांधकामावर मजुरी केली. १८७५ साली नव्या शेतमजूर संघटनेने त्याचा जाहीर सत्कार केला, मानपत्र आणि कोरीव घड्याळ दिलं. आणि १८९१ साली, आंधळा होऊन, तो डॉर्चेस्टरच्या अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसात मेला. कबरीवर दगडसुद्धा नव्हता. तो १९३४ साली, शताब्दीला बसला. एरिक गिल या नामांकित शिल्पकाराने कोरला.

म्हणजे चळवळीने या माणसाला मानपत्र दिलं, घड्याळ दिलं, म्हातारपणी छप्पर दिलं नाही. १९३४ साली घरं बांधणाऱ्यांच्या मनात नेमकं हेच होतं का, ते मला सांगता येणार नाही. पण हॅमेटची हकिगत वाचून त्या खिडकीकडे पुन्हा पाहिलं की ती सहा घरं एखादी चूक पुसल्यासारखी दिसतात. ज्या वयात हॅमेट वर्कहाउसात गेला, त्या वयाचं कुणीतरी आज त्याच्या नावाच्या घरात टीव्ही बघतं.

दुपारी आम्ही डॉर्चेस्टरला गेलो. ज्या कोर्टात शिक्षा झाली ते शायर हॉल २०१८ पासून संग्रहालय म्हणून खुलं आहे. काम फार नेटकं केलंय. खाली कोठड्या, वर कोर्ट, आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभं राहता येतं. शाळेच्या मुलांना आवडेल असंच आहे सगळं. तरी मला ते टोलपडलपेक्षा कमी भिडलं. कोर्टात या सहा जणांचं काय केलं ते कळतं. त्या घरांत ते काय मागत होते ते कळतं. पहिलं बघून हळहळ वाटते, आणि हळहळ बाहेर पडून चहा घेईपर्यंत टिकते.

यावर एक आक्षेप मला माहीत आहे आणि तो फालतू नाही. टोलपडलचं संग्रहालय कामगार महासंघाचं आहे. संघटनेने स्वतःच्या हुतात्म्यांचं संग्रहालय काढलं तर इतिहास सोयीचा होणारच. होतोही. बाहेर अनेक जण हे सहा जण म्हणजे जगातली पहिली कामगार संघटना असं सांगतात. तसं नव्हतं, त्याआधी इंग्लंडमध्ये संघटना होत्याच. दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. टोलपडलच्या तीनच वर्षं आधी, १८३० मध्ये, याच दक्षिण इंग्लंडात शेतमजुरांचा मोठा उठाव झाला. मळणीयंत्रं फोडली, गंजी पेटवल्या. पोटाला काम नाही आणि हिवाळ्यातलं मळणीचं कामही यंत्राने नेलं, म्हणून. एकोणीस जणांना फाशी झाली, चारशेहून जास्त लोक काळ्या पाण्यावर गेले. याच फ्रॅम्प्टनने तेव्हा जमावापुढे, पांगा असं फर्मावणारा दंगलीचा कायदा वाचून दाखवला होता. त्या चारशेहून जास्त लोकांच्या नावाने दर जुलैला जत्रा भरत नाही. टोलपडलला भरते: हजारो लोक, रेशमी निशाणं, वाजंत्री, भाषणं. कारण टोलपडलचे सहा जण देवभीरू होते, प्रवचन करणारे होते, त्यांनी काडी पेटवली नव्हती. स्मरणात ठेवायलाही आपल्याला सभ्य गरीब लागतो. ज्याने गंजी पेटवली त्याची भूक काही वेगळ्या जातीची नव्हती.

हे सगळं मान्य करूनही मी म्हणेन की मजुरांचं स्मारक मजुरांच्याच संस्थेच्या ताब्यात असावं. तिची बाजू निदान दिसते तरी. सरकारी फलकावर बाजू नसते असं थोडंच आहे, ती फक्त कर्मणी प्रयोगात लपलेली असते: मजुरी कमी करण्यात आली, आरोपींना शिक्षा देण्यात आली. कुणी केली, कुणी दिली, हे वाचणाऱ्याने शोधायचं. टोलपडलमध्ये फ्रॅम्प्टनला नावाने ओळखतात.

मग हे आदर्श स्मारक झालं का? नाही, आणि इथे माझी खरी तक्रार आहे. इंग्लंडमध्ये शेतमजुरांचा किमान दर, रात्रपाळीचा भत्ता, आजारपणाची रजा ठरवणारं एक शेतमजुरी मंडळ होतं, १९४८ च्या कायद्याने चालणारं. २०१३ साली सरकारने ते मोडीत काढलं, आता सर्वांना लागू असलेलं किमान वेतन पुरे आहे असं म्हणून. स्कॉटलंडने आपलं ठेवलं, वेल्सने नवा कायदा करून वाचवलं. म्हणजे ज्या डॉर्सेटमध्ये झाडाला कुंपण आहे, त्या डॉर्सेटच्या मजुराला मंडळ नाही. आणि तो मजूर तरी आता कोण? २०१९ पासून हंगामी मजुरांसाठी सहा महिन्यांचा व्हिसा सुरू झाला. सुरुवातीला अडीच हजार लोक, अलीकडे वर्षाला चाळीस हजारांच्या घरात परवानगी. किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, नेपाळ, इंडोनेशिया इथून माणसं येतात, स्ट्रॉबेरी आणि सफरचंदं तोडतात आणि परत जातात. २०२२ साली इंडोनेशियातून आलेल्या कित्येकांनी तिकडच्या दलालांना देण्यासाठी मोठं कर्ज काढल्याचं इथल्या वर्तमानपत्रांत आलं होतं.

गाडीत हे अण्णांना सांगितलं. ते बाहेर बघत होते. म्हणाले, "मंजी उचलच की. फक्त इमानात बसून यायचं."

याहून अचूक वर्णन मला कुठल्या अहवालात सापडलेलं नाही. गंमत अशी की मुकादम या माणसाला इंग्रजीतही स्वतंत्र शब्द आहे आणि त्यासाठी स्वतंत्र कायदाही आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये मोरकॅम्बच्या खाडीत शिंपले वेचणारे किमान एकवीस चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडून मेले. त्यांना वेळेवर माघारी बोलावणारं कुणी नव्हतं. त्याच वर्षी शेती आणि शिंपल्यांच्या धंद्यात मजूर पुरवणाऱ्या मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा आला. तेव्हा टोलपडलच्या मिरवणुकीत मला रेशमी निशाणाखाली एखादी ताजिक मुलगी चालताना बघायची आहे, आणि सहा घरांच्या शेजारी सातवं घर, सहा महिन्यांसाठी आलेल्याला आजारी पडल्यावर आठ दिवस पडून राहता येईल असं. त्याशिवाय ते झाड म्हणजे नुसतं झाड.

दुसऱ्याच्या अंगणात एवढं बोललो तर आपल्याकडेही बघायला हवं. आपल्याकडे शेतमजुरांचे लढे झाले नाहीत असं नाही. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात वारली जमले आणि वेठ करणार नाही असं ठरवून उठले. लग्नासाठी सावकाराकडून चार पैसे घेतले म्हणून नवरा-बायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचं, अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. त्याच ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, जेठ्या गांगड आणि आणखी काही जण मारले गेले. या लढ्याचं नेतृत्व करणाऱ्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांची नावं मुंबई-पुण्यात थोडीफार माहीत असतात. जेठ्या गांगडचं नाव मी पस्तिशी उलटल्यावर पहिल्यांदा वाचलं. आमच्या शाळेत फ्रेंच राज्यक्रांती होती, लग्नगडी नव्हता. तलासरी-डहाणूकडे दर ऑक्टोबरला लाल झेंडे घेऊन माणसं जमतात ती किसान सभेमुळे. शासनाच्या जयंती-पुण्यतिथीच्या यादीमुळे नव्हे.

आणि ऊसतोड? तिचं स्मारक अजून कुणी मागितलेलं नाही, आणि मागितलं तर काय उभं राहील ते मला आजच दिसतं: चौकात सिमेंटचा कोयता, खाली दिव्यांची रोषणाई, बाजूला उद्घाटकांची नावं. त्याला माझा विरोध आहे. कोयता हत्यार आहे, कलाकृती नाही. त्यापेक्षा कारखान्याच्या हद्दीत, जिथे दर वर्षी टोळ्या पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या टाकतात, तिथे पक्की बारा घरं बांधा. एक नळ, एक संडास, एक पाळणाघर. कोप्यांच्या रांगेत पहाटे तीनला उठून अंधारात आडोसा शोधणाऱ्या बाईला विचारा स्मारक कसलं हवं. बीड जिल्ह्यात तोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये देशभर गाजल्या, राज्य सरकारने चौकशी समिती नेमली, अहवाल आला. पाळीच्या चार दिवसांत खाडा होऊ नये म्हणून अवयव काढून टाकण्याची पाळी जिथे येते, तिथे संडास हेच स्मारक. नावं द्यायला माझी हरकत नाही. टोलपडलसारखी प्रत्येक घराला एकेक द्या, पण मजुराचं द्या. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचं कल्याण महामंडळ आहे, मुलांसाठी शासकीय वसतिगृहांची योजना आहे. ही दिशा बरोबर आहे. निधीचे आकडे मी मोजत नाही; वसतिगृहाच्या खिडकीला नाक लावल्यावर आतून कुणी हात करतं का, एवढंच बघतो.

कारखानदार म्हणतील, मजूर मुकादमाचे, आमचे नाहीत. मुकादम म्हणेल, माझं कसलं घर, मीच कर्जात आहे. टोलपडलच्या मालकांनीही दिलेला शब्द फिरवला होता आणि पाद्र्याला काहीच आठवत नव्हतं. जबाबदारी कुणाची याचा कागद नसणं हीच या धंद्यातली सगळ्यात जुनी सोय आहे.

परतीच्या वाटेवर अण्णांना मी माझी बारा घरांची कल्पना मोठ्या उत्साहाने सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, त्यांच्या चिठ्ठ्यांच्या पिशवीशेजारी मुकादमाची खाड्याची वही असायची. बाळंतपणाचे खाडे, तापाचे खाडे, पोरगं दगावलं त्या दिवसाचा खाडा. दर दिवसाला पैसे कापायचे. वही त्यांची नव्हती, त्यांनी एक अक्षर तिच्यात लिहिलं नाही. पण ती उघडी असायची आणि त्यांना दिसायची.

"त्या सहा जणांनी घर मागितलं होतं का?" त्यांनी विचारलं.

नव्हतं. त्यांनी मजुरी मागितली होती.

"मग?" अण्णा म्हणाले. "घरं बांध तू सावकाश. आधी ती वही बंद कर."